डोक्यावरची पांढरी

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या घरातल्या मधल्या दोन खणांचं मातीचं माळवद उतरवलं. मंगळवेढा तालुक्यातलं गाव, घर पणजोबांच्या वेळचं. तुळई मधोमध वाकली होती. अण्णांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, दोन वर्षं तिच्याखाली बाभळीचा टेकू देऊन निभावून नेलं होतं. शेवटी गवंडी आणि सुतार बोलावले.

पहिला टिकाव पडला तेव्हा मी वरच होतो. माती इतकी दाट बसलेली की टिकाव टणकन उसळून परत आला. पहार लावावी लागली. मग एकेक ढेकूळ सुटायला लागलं आणि कापलेल्या कडेला थर दिसू लागले. बोटभर पांढरा, त्याखाली करडा, पुन्हा पांढरा, मध्येच राखेची काळसर रेघ. कुठल्या तरी पावसाळ्यात गळतीच्या जागी कुणीतरी चुलीतली राख दाबली होती, तिची ती खूण. एका थरात काचेची गोटी निघाली. बऱ्याच खाली, अण्णांच्या हाताएवढ्या खोलीवर, भोकाचा पैसा सापडला. मधोमध भोक असलेलं हे नाणं १९४३ ते १९४७ या काळातच पाडलं जात होतं. म्हणजे त्याच्या वरची सगळी माती स्वातंत्र्याच्या आगेमागे आणि त्यानंतर टोपल्याटोपल्यानं वर चढलेली.

मातीखालचं लाकडी किलचण उघडं पडलं तेव्हा मोजपट्टी लावली. एक फूट अकरा इंच. मी तिथंच हिशेब मांडला. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट. दाबून बसलेली माती घनफुटाला पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. म्हणजे एका फुटाला साडेचार-पाच टन, आणि आमच्या डोक्यावर त्याच्या जवळजवळ दुप्पट. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्याच खोलीत जन्मले, त्याच खोलीत संसार केला. आकडा ऐकून ते थोडा वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "एवढं वझं उरावर घिऊन झोपत हुतो व्हय आम्ही!"

त्या दिवसापासून मी जिल्ह्यात जाईन तिथं माळवदं बघत फिरतो आहे. मंगळवेढा, सांगोला, मोहोळ, बार्शी, अक्कलकोट. सोलापूर शहरातल्या कसब्यातले, बाळीवेशीजवळचे, शुक्रवार पेठेतले वाडे. आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत एका तऱ्हेचं घर जवळजवळ नाहीसं झालं आणि त्याबद्दल आम्ही फारसं बोललोही नाही. निदान ते कसं उभं राहत होतं आणि कशानं गेलं, एवढं तरी लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

कोल्हापूरहून एसटीनं सोलापूरकडे निघालात की छपरांवरून पाऊस वाचता येतो. पश्चिमेला कौलांचे तीव्र उतार. मिरज मागे पडली की उतार मवाळ होतात आणि सांगोल्याकडे येईतो जुनी घरं डोक्यावर सपाट होतात. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलीमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. इथं छपराचं मोठं काम पाणी वाहून नेण्याचं नव्हतं, ऊन अडवण्याचं होतं. म्हणून मातीचं सपाट छप्पर. खानदेश-विदर्भात याला धाब्याचं घर म्हणतात, आमच्याकडे माळवद.

त्याची रचना तळापासून सांगतो. जमिनीत दगडी तळखडा, त्यावर लाकडी खांब. खांबांच्या डोक्यावर तुळई. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठं, हे आमच्याकडे चौरस फुटांत कुणी सांगत नसे. पाच खणांचं घर, सात खणांचं घर, असंच बोललं जाई. तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर दाट बसवलेल्या लहान काटक्या किंवा फळ्यांचे तुकडे, त्यांना किलचण म्हणतात. सधन घरात किलचणाऐवजी सागवानी फळ्यांचा कडीपाट. त्यावर कडुलिंबाचा पाला, कीड लागू नये म्हणून. पाल्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. कडेला पन्हळी, त्यांच्याकडे अगदी हाताला कळेल न कळेल असा उतार. चारी बाजूंनी दोन-अडीच फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंती.

यातली पांढरी माती ही या घराची खरी गोम आहे. आमच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ रान. पांढरी म्हणजे गाव जिथं वसलंय ती जागा. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, चुली पेटल्या, राख पडली, शेण पडलं, भिंती खचल्या आणि त्यांच्यावर पुन्हा भिंती चढल्या. त्या सगळ्याची मिळून झालेली मऊ, राखट माती म्हणजे पांढरी. काही ठिकाणी तिला खारी मातीही म्हणतात. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं बोटभर भेगा देते, ती छपरावर कामाची नाही. पांढरी फारशी फुगत नाही, दाबली की गच्च बसते आणि पाणी आत मुरू न देता वरून सरकवते. म्हणजे पूर्वजांच्या चुलींची राख आणि त्यांच्या पडलेल्या भिंती आम्ही डोक्यावर घेऊन राहत होतो.

ही माती खणताना जुन्या वस्तू निघायच्याच. बार्शीपासून फार दूर नसलेलं तेर हे प्राचीन तगर नगर. तिथल्या पांढरीतून वर येणारे मणी, मूर्ती, खापरं रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केली आणि आज तिथं त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. इतर गावांना असा माणूस लाभला नाही. तिथली माती माळवदांवर गेली, खत म्हणून रानात गेली. आमच्या गावची पांढर, जिथून आजोबा गाढवांवर माती आणायचे, ती आता सपाट झाली आहे आणि तिच्यावर पाण्याची टाकी उभी आहे.

दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर माती टाकायची, हा नेम होता. उन्हाळ्यात बारीक भेगा पडतात, वाऱ्यानं थोडी माती उडते, उंदीर-घुशी पोखरतात. मग घरातली सगळी माणसं वर. पुरुष पाट्या चढवायचे, बायका पसरायच्या, पाणी शिंपून चोपण्यानं चोपायच्या. शेजारचं घर आज, आपलं उद्या. पैशांचा व्यवहार त्यात जवळजवळ नसे. हे घर म्हणजे एकदा बांधून मोकळं होण्याची गोष्ट नव्हती, त्याला दरवर्षी हात लागत. हातांचा तो पुरवठा थांबला आणि माळवद जायला लागलं. बाकीची कारणं येतीलच, पण माझ्या मते मुळात हे.

एवढं करूनही गळायचं. जोराचा पाऊस रात्री आला की वडील कांबळं पांघरून शिडीनं वर जात. आज्जी खाली कंदील घेऊन थेंबाकडं बघत उभी. ती खालून ओरडायची, वडील वरून पाय आपटायचे. "आजून उजवीकडं... आलं... तितंच दाब!" आणि थेंब थांबायचा. अंथरुणात पडल्या पडल्या छताच्या पलीकडून वडिलांच्या पावलांचा धप्प-धप्प आवाज ऐकणं, ही माझ्या लहानपणीच्या पावसाळ्याची पहिली आठवण आहे.

उन्हाळ्यात मात्र माळवद म्हणजे घराची दुसरी जमीन. दिवसा त्यावर कुरडया, सांडगे, पापड. रात्री अंथरुणं. यात नुसती हौस नव्हती. फूट-दीडफूट मातीतून ऊन खाली पोचायला आठ-दहा तास लागतात. दुपारी बाराला तापलेलं छप्पर खोलीत जाणवायचं ते रात्री, आणि तोवर माणसं वर गार वाऱ्याला गेलेली असायची. पहाटे खाली यावं तर घर निवलेलं. भर दुपारी बाहेरून ओसरीत पाऊल टाकलं की डोळ्यांवर ओला हात फिरवल्यासारखं वाटायचं. गल्लीतली माळवदं एकमेकांना खेटून, त्यामुळं एका टोकाच्या घरातून चढून वरच्यावर दुसऱ्या टोकाला उतरता येई. बायकांचं निम्मं बोलणं वरूनच व्हायचं.

आणि सवणं. माळवदात मध्येच ठेवलेलं, हात-सव्वा हात रुंदीचं चौकोनी भोक. खिडक्या बेताच्या, त्या काळात चोर-दरोडेखोरांची भीती, म्हणून रस्त्याच्या बाजूला बहुतेक बंद भिंत. उजेड यायचा तो सवण्यातून, चुलीचा धूर जायचा तोही तिथूनच. आमच्या स्वयंपाकघरात सकाळी उन्हाचा चौकोन पश्चिमेच्या भिंतीवर, बळदाच्या तोंडाशी पडायचा. (बळद म्हणजे भिंतीच्या पोकळीत केलेली धान्याची कोठी. मालदांडी ज्वारी वर्षभर त्यात राहायची.) मग तो चौकोन भिंतीवरून उतरत जमिनीवर यायचा आणि जात्याच्या खुंट्याला टेकला की आज्जी भाकरीचा तवा ठेवायची. घरात घड्याळ आलं त्यानंतरही कितीतरी वर्षं ती जात्याकडंच बघायची. पाऊस आला की एकच हाक, "सवणं झाका रं!", आणि आम्ही पोरं पत्र्याचं झाकण घेऊन वर पळायचो.

पण एवढंच लिहून थांबलो तर लबाडी होईल. माळवदाची घरं अंधारी होती. चुलीचा धूर सवण्यातून सगळा जात नसे, बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत निम्मा राहायचा. दसऱ्याआधी अख्खं घर पांढऱ्या मातीनं पोतारायचं, दर आठवड्याला जमीन सारवायची, तीही त्यांनीच. शिवाय माळवद गावातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर नव्हतं. पाटील-देशमुख, कुलकर्णी, वाणी, बागायतदार यांचे वाडे. गावकुसाबाहेरच्या वस्तीत कुडाची भिंत आणि गवता-पाचटाचं सप्पर. वाड्याच्या माळवदावर मातीच्या पाट्या चढवणारे हात कितीदा त्या सपरातून आलेले असायचे. त्या माणसांना सिमेंटचं घर हवंसं वाटलं, तर त्यात हळहळण्यासारखं मला काही दिसत नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडलं. उजाडलं तरी कसं म्हणू, पहाटेचे चार वाजायचे होते. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती विसर्जन करून माणसं नुकती आडवी झालेली. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. रिश्टर मापनावर ६ च्या थोडं वर, जगाच्या मानानं मध्यम म्हणावा असा धक्का. एवढी माणसं मारली ती घरांनी. गोट्यासारख्या दगडांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती, आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा. दोन्हींना धरून ठेवणारा लांब आडवा दगड मध्ये घातलेला नाही. आणि वर वर्षानुवर्षं चढत गेलेली माती. भिंत पोटातून फुगून फुटली की माळवद सरळ खाली. ढिगाऱ्यातली माती उपसता उपसता लोकांचे हात थकले.

आमच्या गावातही भांडी खडखडली. त्यानंतर कितीतरी रात्री अख्खा गाव खळ्यात झोपला. आज्जीनं आपली वाकळ अंगणातल्या लिंबाखाली टाकली ती थंडी पडेपर्यंत आत नेली नाही. साठ वर्षं ज्या छताखाली ती निवांत झोपली, त्याच्याकडं त्या महिन्यांत ती संशयानं बघायची, तिचा तो चेहरा मला विसरता येत नाही.

त्या भूकंपाचा एक धडा मात्र आपल्यापर्यंत नीट पोचलाच नाही. जिथं माळवदाचा भार खांब-तुळयांच्या लाकडी सांगाड्यावर होता, तिथं पुष्कळ ठिकाणी भिंती बाहेरच्या बाजूला पडल्या, पण छप्पर उभं राहिलं. जिथं तुळयांची टोकं थेट भिंतीवर टेकवली होती, तिथं भिंतीबरोबर सगळंच आत आलं. अलीकडच्या पिढ्यांत सागवान महागलं, खांब कमी केले, भार भिंतीवर टाकला आणि वर मातीचा थर मात्र वाढवत नेला. जुनी माती खरवडून मग नवी टाकायची, हा कष्टाचा भाग सुटला. आमच्या घरातली तेवीस इंच त्याचीच साक्ष. दोष मातीचा असलाच तर तो तिच्या ओझ्याचा आणि रचणाऱ्याच्या घाईचा. भारतीय मानक संस्थेनं मातीच्या घरांसाठी आणि हलक्या दर्जाच्या दगडी बांधकामासाठी भूकंपरोधक मार्गदर्शक मानकं त्याच वर्षी, १९९३ साली काढली. आयएस १३८२७ आणि आयएस १३८२८. भिंत बांधणारा आडवा दगड, घराला फिरणारा पट्टा, कोपऱ्यांची बांधणी, असं सगळं त्यात आहे. पण गावातल्या गवंड्याच्या हातात ते कुणी दिलं? लोकांनी एवढंच ऐकलं की माळवद माणसं मारतं.

किल्लारी परिसरातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. आमच्याकडे कुणी काही हलवलं नाही, तरी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत माळवदं आपोआप उतरत गेली. त्यांच्या जागी पत्रा आला. स्वस्त, हलका, दोन दिवसांत बसणारा. भूकंपात पडला तरी जीव घेणार नाही, ही खात्री. ती खात्री खरी आहे आणि तिची किंमत लोक दर उन्हाळ्यात मोजतात. एप्रिलच्या दुपारी मोहोळजवळच्या एका वस्तीवर पत्र्याच्या खोलीत बसलो होतो. पंखा फिरत होता तो भट्टीतला वारा अंगावर टाकत. घरधनीण तान्ह्या नातवाला घेऊन खोलीत न थांबता जवळच्या बाभळीखाली बसली होती. सावलीला पाळणा बांधलेला. म्हणाली, "दुपारचं घर आमचं हेच."

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. मलेशियातलं पारंपरिक मलय घर आपल्या माळवदाच्या अगदी उलट टोकाचं. तिथं पाऊस धो-धो आणि हवा दमट, म्हणून घर लाकडी खांबांवर जमिनीपासून उंच, भोवती लांब खिडक्या आणि वर निपा ताडाच्या झावळ्यांचं उंच उतरतं छप्पर. वारा घरात सगळीकडून खेळता. लिम जी युआन यांनी १९८७ साली या घरांवर एक मोठं पुस्तक लिहिलं, त्यात या घरांचं शहाणपण तपशिलानं नोंदलं आहे. झावळी काही वर्षांनी बदलावी लागते, विणणारे हात लागतात. ते हात शहरात गेले आणि झावळीच्या जागी जस्ताचा पत्रा आला. एक घर उन्हापासून लपणारं, दुसरं वाऱ्याला बोलावणारं, दोघांच्या डोक्यावर शेवटी एकच पत्रा तापतो आहे. फोटोंत ती घरं पाहिली तेव्हा मला आमच्याच गल्लीची आठवण झाली.

सरकारी भाषेचाही यात वाटा आहे. घरांची पाहणी होते तेव्हा मातीच्या भिंती आणि मातीचं छप्पर म्हणजे कच्चं घर, सिमेंटचं ते पक्कं. शंभर-सव्वाशे पावसाळे काढलेलं सागवानी खांबांचं घर कच्चं आणि आठ वर्षांत स्लॅबची सळई उघडी पडलेलं पक्कं. १९८५ पासून इंदिरा आवास, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास. ग्रामीण योजनेत मैदानी भागात १ लाख २० हजारांचं अनुदान आणि किमान २५ चौरस मीटरचं घर. ज्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं त्याला हे वरदान आहे. पण ज्याच्या माळवदाची एक तुळई बदलली असती तर आणखी पन्नास वर्षं निघाली असती, त्याच्या दुरुस्तीला या योजनेत पैसे नाहीत. नवं घर बांधायला घेतलं तरच अनुदान मिळतं.

सोलापूर शहरात घराचा प्रश्न वेगळ्याच अंगानं येतो. १८७० च्या दशकात इथं कापडाची गिरणी आली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग घडवला. त्यांचं घर म्हणजेच कारखाना. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. हातमागाचा यंत्रमाग झाला, मागावरचं छप्पर पत्र्याचं झालं. आणि घरातली बाई विड्या वळत राहिली. या बायकांच्या घरांसाठी कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी जो लढा उभारला त्यातून कुंभारीजवळ कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं १० हजार घरकुलांची वसाहत झाली, २००६ साली ती तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते सुपूर्द झाली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर. ९ जानेवारी २०१९ ला पायाभरणी आणि त्यातली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लाभार्थ्यांना दिली.

रे नगरला गेलो तो माझ्या मनातली तक्रार घेऊन. एकसारख्या इमारतींच्या रांगा, झाड नाही, ओसरी नाही, स्लॅब तापणारच. पन्नाशीच्या एका विडी कामगार बाईंनी आत बोलावलं, पाणी दिलं. घरात बोलणं तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. माळवदाचं सांगितलं तर त्या हसल्या. झोपडपट्टीत पत्र्याच्या खोलीत सव्वीस वर्षं काढली होती त्यांनी. "रात्री पाऊस आला की पैला पानं उचलायची. पानं भिजली की मजुरी गेली की ओ. मग लेकरं उचलायची." तेंदूच्या पानांचा गठ्ठा त्यांनी आता खिडकीखाली ठेवला होता. "आता पाऊस आला तर कूस बदलतो नि झोपतो," असं म्हणून त्यांनी सुपातलं पान कातरीनं कापायला घेतलं. मी माझी तक्रार मनातच ठेवली. ती चुकीची होती असं अजूनही वाटत नाही, पण तिथं बोलायची नव्हती.

शहरातल्या आणि गावातल्या वाड्यांचं दुखणं मातीपेक्षा कागदांत जास्त आहे. आजोबांच्या नावावर वाडा, आज चौदा वारस. तिघं पुण्यात, एक परदेशात, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. खणांची वाटणी झाली, पण माळवद सलग. माझ्या खणावर मी माती टाकली तरी तुझ्या खणातून पाणी माझ्या भिंतीत येणार. मग कुणीच टाकत नाही. दारालगतच्या ढाळजेत पिंपळ उगवतो, वाळवी तुळईत शिरते आणि एक दिवस जुनं लाकूड घेणारा दारात येऊन उभा राहतो. नक्षीची चौकट, अखंड सागाचे खांब, पितळी फुलांचं दार असं सगळं ट्रकमध्ये चढतं. सांगोला तालुक्यातल्या एका वाड्यात मी गेलो तेव्हा तळखडे तेवढे जागेवर राहिले होते, दोन ओळींत बारा. मालक म्हणाले की खांब कुठल्याशा हॉटेलात लागलेत म्हणे. त्यांनी ते हॉटेल पाहिलेलं नव्हतं.

पाऊसही बदलला. १४ ऑक्टोबर २०२० ला जिल्ह्यात जो पाऊस कोसळला तसा माळवदाच्या हिशेबात कधी धरलेला नव्हता. वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा एका दिवसात. मातीच्या भिंती पाणी पिऊन बसल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरानं माढा, मोहोळ, करमाळा भागातल्या घरांत पाणी दिवसच्या दिवस राहिलं. असं पाणी मातीच्या भिंतीच्या पायाला लागलं की मग वर कितीही पांढरी असो. जुनं घर जसंच्या तसं ठेवा, असं म्हणणाऱ्यांनी त्या आठवड्यात सीनाकाठी एक चक्कर मारायला हवी होती.

आमच्या घराचं काय केलं ते सांगतो. पोरांचं म्हणणं होतं की स्लॅब टाकू. अण्णांनी नकार दिला नाही, फक्त विचारलं, "मेमध्ये हितं झोपणार कोण? तू?" मग असं ठरलं. मोडकी तुळई काढून तिच्या जागी शेजारच्या पाडलेल्या वाड्यातली सागवानी तुळई विकत घेतली. ज्या ठिकाणी जुनी तुळई भिंतीत घुसली होती तिथं दोन नवे खांब उभे केले, म्हणजे छपराचा भार भिंतीवर राहिला नाही. भिंतीत तीन ठिकाणी दगड उकलून आरपार लांब दगड घातले. किलचण तपासून निम्मं नवं बसवलं, लिंबाचा पाला टाकला, त्यावर गवंड्याच्या आग्रहानं जाड प्लास्टिकचा कागद. खालचं लाकूड त्यामुळं कोंदेल अशी मला धास्ती आहे, दोन-तीन वर्षांत कळेल. मग आमचीच माती चाळून, भिजवून, चोपून पुन्हा वर चढवली. पण तेवीस इंच नव्हे, सहा. एका खोलीवरचं सहा-सात टन ओझं उतरलं. खर्च पत्र्यापेक्षा बराच जास्त आला, स्लॅबपेक्षा बराच कमी. दिवस अकरा लागले. चोपणं कसं धरायचं हे गवंड्यांतल्या फक्त एकाला माहीत होतं, सत्तरीचा माणूस. त्यानं माझ्या पुतण्याला दाखवलं. चोपण्याचा सपाट तळ मातीवर पडताना फट्ट वाजला तर माती अजून ओली, खण्ण वाजला तर बसली.

उरलेल्या मातीचा ढीग अंगणात पडला होता. दोन दिवसांत तो निम्मा झाला. पलीकडच्या गल्लीतल्या दोन घरांवर अजून माळवदं आहेत. त्या घरच्या बायका पाट्या घेऊन आल्या. "पांढरी आता मिळती कुठं," असं म्हणत चार-चार पाट्या घेऊन गेल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. रात्रीचे साडेदहा. मी मुद्दाम गावी थांबलो होतो. पहिला अर्धा तास काही नाही. मग नव्या-जुन्या मातीच्या सांध्यावर, देवळीच्या बाजूला, एक थेंब लोंबकळला आणि पडला. पुतण्या मोबाइलची बत्ती लावून शिडीनं वर गेला. अण्णा काठी टेकत उठले आणि थेंबाखाली जाऊन उभे राहिले, मान वर करून.

"हितं का, आण्णा?" वरून आवाज.

"न्हाई. जरा माझ्याकडं सरक. आजून. हां... आता दाब."

धप्प. धप्प. आणखी एकदा धप्प. अण्णा तळहात पसरून उभे होते. त्यावर एक थेंब पडला. मग बराच वेळ काही पडलं नाही.